क्रेन येऊन राहिली

आमच्या अपार्टमेंटमधल्या मुली भुलाबाईची गाणी आता मोबाईलवर लावतात. पार्किंगमधल्या दोन गाड्या बाजूला सारून त्यांनी पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी बसवले आहेत. दिवे लागले की त्या गोल उभ्या राहतात आणि स्पीकरच्या आवाजात आपला आवाज मिसळून देतात. शब्द कुणालाच पूर्ण येत नाहीत. मलाही येत नव्हते, म्हणून माझी काही तक्रार नाही. गाणी आटोपली की स्पीकर बंद होतो, आणि ज्यासाठी मी गॅलरीत येऊन उभी राहते ते सुरू होतं. कुणाची तरी आई झाकण घट्ट लावलेला डबा घेऊन येते, कानाजवळ नेऊन हलवते आणि म्हणते, "ओळखा."

मग एकच गलका. गोड का? तिखट का? तळलेलं का? डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय खिरापत वाटायची नाही, हा नियम अजून टिकून आहे. मी तिसऱ्या मजल्यावरून ऐकत असते. परवा फुटाणे आणि गूळ होता. फुटाणे सुटे वाजतात, आणि मध्येच गुळाचा खडा पत्र्यावर ठक्क करून आपटतो. खाली मुली शेंगदाण्यांवर अडून बसल्या होत्या. ओळखायचं आणि आपल्यापाशी ठेवायचं, ही माझी जुनी सवय.

या दिवसांची हवा विचित्र असते. पाऊस गेलेला असतो आणि थंडी यायला तयार नसते. दुपारी अमरावतीचे रस्ते एप्रिलसारखे तापतात, आणि संध्याकाळी अचानक कुठून तरी ओल्या कडब्याचा वास येतो. शहरात कडबा कुठला, असं मी दरवर्षी स्वतःला विचारते. खरं तर तो वास अकोल्याचा आहे, आणि तो नाकातून येत नाही.

मी सहावीत होते. आईची बदली धारणीला झाली होती, बाबा नोकरीसाठी नागपूरला होते, आणि दोघांचं एका ठिकाणी जमेपर्यंत मला अकोल्याला मामाकडे ठेवलं होतं. तिथे इंग्रजी शाळा होती, हे कारण. मामाचं घर एका जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत होतं, एकामागे एक तीन खोल्यांचं. मामा त्याच फॅक्टरीत कारकून होता. हंगाम सुरू झाला की संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर, कानाच्या केसांवर कापसाच्या रुईचे तंतू बसलेले असत, आणि तो एका दिवसात म्हातारा होऊन आल्यासारखा दिसायचा. तोंड धुतलं की परत तरुण.

मधल्या खोलीत खिडकीशी मामीची खाट होती. आदल्या हिवाळ्यात तिला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आधीची मामी मला आठवते ती आवाजासकट. कंपाउंडच्या या टोकाहून त्या टोकाला भाजीवालीशी भांडण लढवणारी. आता तिच्याकडे फक्त डावा हात उरला होता. हात तोंडाकडे गेला की पाणी. बोट गोल फिरलं की पंखा. तळवा पालथा धरून हात हळूहळू खाली आणला की उशी खाली घ्यायची. ही भाषा मला मीनाताईनं पहिल्याच दिवशी शिकवली. त्या घरात मी चुका न करता बोलू शकेन अशी तीच एक भाषा होती. माझं मराठी शाळेतलं, जपून मोजून बोललेलं, आणि गल्लीतल्या मुली त्याला हसायच्या. मीनाताईही हसायची. "आमची कॉन्व्हेंटवाली," ती म्हणायची, "एकुणसत्तर मंजे किती, इचारा तिले." मला खरंच येत नसे.

मीनाताई मामाची एकुलती मुलगी. तिचं बी.एस्सी. त्या उन्हाळ्यात झालं होतं, आणि अमरावतीला वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. हॉस्टेलचीही सोय झाली होती. कपाटावर तिची मरून रंगाची बॅग भरून ठेवलेली होती. मामीला उठवून बसवता येईल एवढी ती सुधारली, किंवा एखादी बाई कामाला मिळाली, की मीनाताई जाणार होती. वर्षभराची गोष्ट आहे, असं मामा म्हणायचा. सगळेच म्हणायचे.

मामीची कूस बदलणं हे त्या घराचं घड्याळ होतं. एकाच अंगावर फार वेळ राहिली तर पाठीला जखमा होतात, म्हणून ठरल्या वेळेला मीनाताई हातातलं काम टाकून उठायची. डावा गुडघा खाटेच्या कडेला टेकवायचा, वाकायचं, दोन्ही हात मामीच्या अंगाखाली सारायचे, खांदा तिच्या काखेला लावायचा, आणि श्वास रोखून उचलायचं. मी दारात उभी राहून पाहायची. मला हात लावू देत नसत. मीनाताईच्या मानेवरची एक शीर उचलताना वर यायची. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, आणि ती शीर मात्र कुणा हमालाची असावी तशी.

कॉमिक आलं ते रद्दीतून. माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायला मामानं रद्दीवाल्याकडून गुळगुळीत कागदांचा गठ्ठा आणला होता. त्यात जुनी कॅलेंडरं होती, कुठल्यातरी ट्रॅक्टरची माहितीपत्रकं होती, आणि एक इंग्रजी कॉमिक होतं. मुखपृष्ठ शाबूत. शेवटचं पान मात्र फाटलेलं होतं, मलपृष्ठासकट, आणि जाताना आधीच्या पानाचा खालचा कोपराही घेऊन गेलेलं.

तो अंक सुटा होता. मागच्या अंकात काय झालं हे माहीत असायची गरज नव्हती. असला नायक मी शाळेतल्या मुलांच्या दप्तरांत पाहिला होता. झगा, बूट, छातीवर चिन्ह. इतर अंकांत तो उडायचा आणि राक्षसांना मारायचा म्हणे. या अंकात राक्षस नव्हता. दरीवरचा एक मोठा पूल होता, पुरानं त्याचा खांब खचला होता, आणि हा खाली जाऊन खांबाच्या जागी उभा राहिला होता. बस एवढंच. खांद्यावर पूल, दोन्ही हात वर, पाय चिखलात. वरून लोक पार होत होते. रुग्णवाहिका गेली, शाळेची बस गेली, एक लग्नाची मोटार गेली, कोंबड्यांचे पिंजरे घेतलेला एक ट्रक गेला. कुणालाच ठाऊक नव्हतं की खाली कुणी उभं आहे. त्याच्या कानातल्या यंत्रातून एक आवाज पानापानावर त्याला सांगत होता की क्रेन निघाली आहे, धीर धर.

त्याचं इंग्रजी नाव मला आठवतं. पण त्या घरात ते कधी वापरलंच गेलं नाही. मीनाताईनं त्याला पाहताक्षणी खांब्या म्हटलं, आणि तो खांब्याच राहिला.

इंग्रजी मीनाताईला वाचता यायचं, पण मामीसाठी मी वाचायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी मी शाळेतल्यासारखं वाचलं. "आपण निश्चिंतपणे पलीकडे जावे, मी पूल धरून ठेवला आहे." मामी छताकडे पाहत राहिली.

"कोणाले समजते हे असं बोलणं?" मीनाताई म्हणाली. "एवढा मोठा पूल हाये डोक्यावर त्याच्या. आपल्यासारखं बोलू दे नं त्याले."

"मला नाही येत."

"येते. रोज ऐकून राहिली नं तू?"

मग खांब्या बोलू लागला. "जा बाप्पा जा लवकर, मी धरून राहिलो." कोंबड्यांच्या ट्रकवाल्याला त्यानं, "हळू ने रे भैताडा," असंही म्हटलं, जे मूळ पानावर नव्हतं. मामीचं तोंड अर्धं हसलं. डावी बाजू वर गेली आणि उजवी तशीच राहिली, पण घशातून आवाज आला. मामा बाहेरच्या खोलीतून चहाचा कप हातात घेऊन दारात आला. मामी आजारी पडल्यापासून तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

आणि त्या यंत्रातल्या आवाजाचं 'क्रेन येत आहे' हे वाक्य मी असं केलं: "क्रेन येऊन राहिली."

ते वाक्य घरानं उचललं. मीनाताई, कधी जातं वं अमरावतीले? शेजारच्या काकूंनी विचारलं की मीनाताई पोळीवरून नजर न उचलता सांगायची, "क्रेन येऊन राहिली." कामाची बाई मिळाली का? क्रेन येऊन राहिली. गॅस आला का? क्रेन येऊन राहिली. मामासुद्धा पगाराला उशीर झाला की म्हणायचा. आम्ही फार हसायचो. मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांना हसवलं होतं, तेही मराठीत. घरच्या तीनच माणसांना का होईना.

भुलाबाईचा महिना होता तो. संध्याकाळी मुली घरोघर जायच्या, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायच्या. मीनाताईला मामीला सोडून जाता येत नसे, म्हणून मुलींचा शेवटचा मुक्काम आमच्याकडे असे. मी ओठ हलवत उभी राहायची. मीनाताईची खिरापत गल्लीत प्रसिद्ध होती, कारण ती डब्यात वाजायची नाही. ती जे काही असेल ते जुन्या मऊ फडक्यात गच्च बांधून ठेवायची. डबा हलवला की आत नुसतं काहीतरी हलकेच सरकायचं. मुली कान लावायच्या, हरायच्या, पुन्हा विचारायच्या. मला सगळं माहीत असायचं, कारण शेंगदाण्याचे लाडू मीच वळलेले असायचे. मला बोलायची बंदी होती. ही बंदी मला फार सोयीची होती.

मुली गेल्या की मामीला गोष्ट हवी असे. रोज तीच. आणि गोष्ट जिथे फाटलेली होती तिथे पोचली, खांब्या हात वर करून उभा राहिला, की मामी तिचा डावा हात उचलायची. तळवा पालथा, आणि हात हळूहळू खाली. मीनाताई लगेच उठायची. "उशी वर झाली काय आई?" उशी जरा दाबायची, सारखी करायची. मामी पुन्हा हात उचलायची. पुन्हा खाली. "झाली नं आता खाली," मीनाताई म्हणायची. मग मामी डोळे मिटून घ्यायची.

कोजागरीच्या संध्याकाळी भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घातला. त्या ओल्या कडब्याचा वास खोलीभर झाला होता. त्या दिवशी मीनाताईनं मुलींना दोन गोष्टी ओळखायला लावल्या. एक डब्यातली, दुसरी फाटलेल्या पानावरची. कुणी म्हणालं पूल पडतो. कुणी म्हणालं त्याची बायको येते आणि तीही धरते. एक लहान मुलगी म्हणाली, त्याले सू लागते. सगळे हसून हसून वाकले.

"तुमाले काही येत नाही," मीनाताई म्हणाली. "शेवटच्या पानावर क्रेन येते. हूक लावते पुलाले. मंग थो पहिले एक हात खाली घेते. मंग दुसरा घेते. मंग घरी जाते, पाणी गरम करते, आंघोळ करते आन् झोपते." तिनं हे फार सावकाश सांगितलं, आंघोळीच्या पाण्यासह. माझं उत्तर कुणी विचारलं नाही. मला फक्त त्या आंघोळीचं वर्णन आवडलं होतं.

दिवाळीनंतर आई मला घेऊन गेली. कॉमिक मी मामीसाठी तिथेच ठेवलं.

पुढच्या वर्षांबद्दल मला सलग असं काही सांगता येणार नाही. ती सलग आठवतही नाहीत. अमरावतीची जागा त्या वर्षी गेली. पुढल्या वर्षी मामाला कावीळ झाली. एक स्थळ आलं होतं, मुलगा पातूरकडचा, चांगला होता. त्याच्या आईनं मधल्या खोलीत डोकावून पाहिलं आणि नंतर निरोप आला नाही. कामाला बायका येत आणि जात. मरून बॅग एकदा मामीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा खाली काढली, आतले कपडे पिशवीत गेले, आणि बॅग मग तांदूळ ठेवायला चांगली पडली. मीनाताई घरी शिकवण्या घेऊ लागली. दहावीची मुलं पुढच्या खोलीत बसत आणि ती फुलाचे भाग समजावता समजावता उठून आत जायची, मामीची कूस बदलायची, आणि परत येऊन त्याच वाक्यापासून सुरू करायची. तिचे खांदे रुंद झाले. ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं ते बोलून दाखवलं होतं.

क्रेनचं वाक्य केव्हा थांबलं, मला सांगता येत नाही. मी सुट्टीत जायची तेव्हा आधी ते हसत म्हटलं जायचं. मग नुसतं म्हटलं जायचं. मग एका सुट्टीत कुणीच म्हटलं नाही, आणि ते मला परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर गेल्यावर लक्षात आलं.

मी शिकले, अमरावतीत राहिले. एका क्लासच्या नोट्स तपासते. दिवसभर इंग्रजी वाक्यांतल्या चुका काढायच्या, कुणाशी बोलायचं काम फारसं पडत नाही. मला ते बरं वाटतं. मीनाताईला जिथे यायचं होतं त्याच विद्यापीठाच्या फाटकावरून माझी रोजची ऑटो जाते.

या आषाढात मामी गेली. झोपेतच गेली. इतकी वर्षं ती अंथरुणाला होती आणि तिच्या पाठीवर एक जखम नव्हती. अंघोळ घालायला आलेल्या बायका एकमेकींना ते पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मीनाताई कोपऱ्यात बसून होती. तिला कुणी काही काम सांगत नव्हतं.

भाद्रपद संपता संपता इथे एका सभागृहात जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं. पुस्तकं वजनावर विकत होते. मुलांच्या विभागात एका खोक्यात कॉमिक्स उभी रचलेली होती, आणि मी नेहमीप्रमाणे ती बोटानं पुढे ढकलत गेले. पूल दिसला. आधी पूलच ओळखला, मग तो. प्रत चांगली होती. मलपृष्ठ होतं. म्हणजे शेवटचं पानही असणार.

मी तिथेच उभ्याने शेवटाकडे गेले. जे पान आमच्याकडे कधीच नव्हतं, त्यावर सायकलची जाहिरात होती. एक गोरा मुलगा लाल सायकलवर बसून हसत होता. पान उलटलं, मागे वाचकांची पत्रं. मलपृष्ठावर दातांची पेस्ट. मला वाटलं आधलं एखादं पान निघालं असेल. मोजून पाहिलं, शिवण पाहिली. काही निघालं नव्हतं. आमच्याकडे होतं तेच गोष्टीचं शेवटचं पान होतं. त्याचा जो कोपरा फाटून गेला होता, तिथे बारीक अक्षरांत दोन शब्द होते: गोष्ट संपली. खांब्या हात वर करून उभा, आणि गोष्ट संपली.

माझ्यामागे कुणीतरी "एक्सक्यूज मी" म्हणत होतं. मी सरकले नाही. कारण आता दुसरंच काहीतरी दिसलं होतं. त्या शेवटच्या चित्रात त्याचं तोंड आणि हात एवढे मोठे काढले आहेत की नजर तिथून हलतच नाही. सहावीत मी ते पान शंभरदा वाचलं असेल आणि वर कधी पाहिलं नव्हतं. वर, चित्राच्या अगदी काठाला, पूल आहे. पुलावर कुणी नाही. गाडी नाही, माणूस नाही, सरळ मोकळा रस्ता आहे आणि पलीकडच्या तीरावर दूर दिव्यांचे ठिपके. सगळे कधीच पार झाले आहेत. तो रिकामा पूल धरून उभा आहे, कारण खालून त्याला ते दिसत नाही.

आणि मला मामीचा हात आठवला. पालथा तळवा, हळूहळू खाली. तो नेहमी याच पानावर उठायचा. ती चित्र पाहत असायची. पुस्तक मी तिच्या डोळ्यांसमोर धरायची. अक्षरं न येणारं माणूस चित्र सगळं पाहतं, कोपऱ्यापर्यंत. मला खात्री नाही. कदाचित तिला खरोखर उशीच खाली हवी असेल. अर्धा तास एका जागी पडून मान दुखतच असणार. पण ती जर त्याला सांगत असेल, हात खाली घे म्हणून. किंवा त्याला नाही, दुसऱ्याच कुणाला सांगत असेल.

अकोल्याला जावं की नाही हे ठरवायला मला काही दिवस लागले. हे मीनाताईला सांगावं का, तेही ठरत नव्हतं. कोजागरीच्या आदल्या दिवशी मी अंक गुंडाळून एका स्टीलच्या डब्यात घातला आणि बस पकडली. काटेपूर्णेच्या पुलावर बस जरा हळू झाली तेव्हा मी खाली पाहिलं. पाणी बेताचं होतं. सवयीनं खाली कुणी नाही ना ते पाहिलं.

मामा पुढच्या खोलीत खुर्चीवर होता. आता त्याच्या भुवया रुईशिवायच पांढऱ्या आहेत. "ये वं सानू," तो म्हणाला, "तुही ताई आतच हाये." मीनाताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पालक निवडत होती. इतका पालक दोघांना लागत नाही. मधल्या खोलीतली खाट तशीच होती, गादी तशीच, तिच्यावर गोधडी घडी करून ठेवलेली. उशी तेवढी नव्हती.

"खिरापत आणली," मी डबा पुढे केला.

"यंदा नाही बसवली वं भुलाबाई. वरीस नाही झालं."

"माहीत आहे. तरी ओळख."

तिनं पालक बाजूला सारला. हात पदराला पुसून डबा घेतला, कानाजवळ नेऊन हलवला. आत काहीतरी हलकेच सरकलं. तिच्या तोंडावर थोडंसं हसू आलं. "वाजत नाही. माहाच धडा मले शिकवतं काय? गोड हाये का तिखट?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि झाकण उघडलं.

"खांब्या," ती म्हणाली. गल्ली सोडून गेलेला शेजारी दारात दिसावा तशी.

ती थेट शेवटाकडे गेली. सायकल पाहिली. पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. मग आधलं पान काढून त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ते दोन शब्द ओठांत वाचले.

"मंजे आलीच नाही."

"नाही."

"या पोट्ट्याची सायकल हाये मांगं. आन् आपुन वाट पाहून राहिलो." ती हसायला लागली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय झालं वं?" मामानं बाहेरून विचारलं.

"काही नाही बाबा. क्रेनचं समजलं."

मामा आठवत असावा. मग आवाज आला, "क्यान्सल झाली काय?"

"हाव."

ती पुन्हा हसली, पण लवकर थांबली. अंक मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवत राहिली. "बरं झालं फाटेल होतं," ती म्हणाली.

"कावून?" 'का'च्या ऐवजी हा शब्द माझ्या तोंडून आपोआप आला.

"मले तवाच समजलं असतं तं मी गेली असती. दुसऱ्या दिवशीच गेली असती बॅग घेऊन." तिनं पालकाचं एक देठ मोडलं. "नसती गेली. जाईन कुठं. पण रोज चिडली असती तिच्यावर. उचलतानी चिडली असती. तिले समजलं असतं थे."

पुलाचं मी अजून सांगितलं नव्हतं. अंक तिच्या मांडीवर त्याच पानावर उघडा होता, माझं बोट त्यापासून वीतभर अंतरावर, आणि मी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणाचा कॉल नव्हता, गजर होता. मीनाताई उठली. अंक खाली सरकला, पालक पायाखाली आला, ती तशीच मधल्या खोलीत गेली.

मी दारात जाऊन उभी राहिले, माझ्या जुन्या जागी. तिनं डावा गुडघा खाटेच्या कडेला टेकवला होता. ती वाकली होती, दोन्ही हात घडी केलेल्या गोधडीखाली गेले होते, खांदा पुढे आला होता. मानेवरची शीर वर आली होती. मग ती तिथेच थांबली. उचलायला काही नव्हतं आणि हात काढून घ्यायचं तिला सुचत नव्हतं.

पूल रिकामा आहे, ताई. हे वाक्य माझ्याकडे दोन्ही भाषांत तयार होतं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी डावा हात उचलला. तळवा पालथा धरला आणि हात हळूहळू खाली आणला.

"उशी," ती सवयीनं म्हणाली. तिचा एक हात गोधडीखालून निघून उशाकडे गेला. तिथे उशी नव्हती. हात गादीवर तसाच राहिला.

"आई अशीच कराची," ती म्हणाली.

"हो."

"गोष्ट संपली का कराची."

"हो."

"उशी तं मी पाह्याची लगेच. खालीच राह्याची उशी. सपाट राह्याची." ती उशाच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. "मंग कावून कराची वं ती?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

तिनं दुसरा हातही काढून घेतला, आणि खाटेवर बसली. त्या खाटेवर इतक्या वर्षांत कुणी बसलं नव्हतं. बसलं की गादी कलायची आणि मामीला तोल सावरता येत नसे. खाट करकरली. मीनाताईचे हात थोडा वेळ कडेवर राहिले, मग तिनं ते मांडीवर आणून ठेवले, तळवे वर. मी तिच्याजवळ बसले. बाहेर गल्लीत कुणाच्या तरी अंगणात डबा वाजत होता, आणि मुली चुकीची उत्तरं देत होत्या. स्वयंपाकघरात फोनचा गजर अजून चालू होता. तो बंद करायला ती उठली नाही. मीही उठले नाही. वाजून वाजून तो आपोआप थांबला.